सूर्यमालेचा बायोडेटा

लग्न जुळवताना जो बायोडेटा फिरतो, त्याचा साचा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाव, उंची, वर्ण, शिक्षण, रास, भावंडे किती. माणूस कसा आहे हे त्यातून कळत नाही; दोन बायोडेटा शेजारी ठेवून तुलना मात्र करता येते. मराठी माध्यमाच्या शाळांत सूर्यमाला बहुतेक याच साच्यातून शिकवली जाते. नाव : गुरू. क्रमांक : पाचवा. आकार : सर्वांत मोठा. उपग्रह : अमुक. विशेष : लाल डाग. मग शनी, त्याची कडी. मग युरेनस, नेपच्यून. परीक्षेत 'जोड्या लावा' आणि 'मी कोण?' हे दोन प्रश्न आले की विषय संपला.

माझी भाची सहावीत आहे आणि तिच्या अभ्यासाच्या निमित्ताने बालभारतीची पाचवी ते नववीची विज्ञान आणि भूगोलाची पुस्तके मी सलग वाचून काढली. सलग वाचणे हा महत्त्वाचा भाग. मूल एका वर्षी एकच पुस्तक वाचते आणि शिक्षक आपापली इयत्ता शिकवतात, त्यामुळे पाच वर्षांत मिळून मुलाच्या डोक्यात काय उभे राहते, हे पाहायला सहसा कुणाला सवड नसते. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके इयत्तावार यायला सुरुवात झाली आहे. जुनी रद्दीत जाण्याआधी त्यांच्याकडे साहित्य म्हणून, म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेले गद्य म्हणून, एकदा नीट पाहायला हवे असे मला वाटले.

आधी श्रेय द्यायला हवे. ही पुस्तके वाईट नाहीत. भाषा स्वच्छ आहे, माहितीत ढोबळ चुका नाहीत, पारिभाषिक शब्दांचा अट्टहास पूर्वीपेक्षा कमी आहे. सातवीच्या 'तारकांच्या दुनियेत' या पाठात मुलांना बाहेर जाऊन मृग, सप्तर्षी, शर्मिष्ठा शोधायला सांगितले आहे आणि आठवीचा 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा पाठ त्या वयाच्या मुलांवर विश्वास टाकून लिहिलेला आहे. तक्रार माहितीबद्दल नाही. ही माहिती माणसाला कळली कशी, हा प्रश्न या गद्यात जवळपास कुठेच उभा राहत नाही, ही तक्रार आहे.

शेवटचा धडा

एक साधी गोष्ट अनुक्रमणिकेतच दिसते. सहावीच्या 'सामान्य विज्ञान'मध्ये 'विश्वाचे अंतरंग' हा सोळावा पाठ, सोळापैकी. सातवीत 'तारकांच्या दुनियेत' विसावा, विसांपैकी. आठवीत 'ताऱ्यांची जीवनयात्रा' एकोणिसावा, एकोणिसांपैकी. नववीत 'अवकाश निरीक्षण : दुर्बिणी' अठरावा, अठरापैकी. चार वर्षे, चार पुस्तके आणि खगोलशास्त्र प्रत्येक वेळी शेवटच्या पानांवर. पाचवीच्या 'परिसर अभ्यास'मध्ये तेवढे ते पहिल्या पाठाचा मान मिळवते.

यामागे बहुधा एक कल्पना असावी : जवळच्याकडून दूरच्याकडे जायचे. आधी पाणी, हवा, शरीर, पदार्थ, मग विश्व. कागदावर हे शहाणपणाचे वाटते. पण शाळेत शेवटचा पाठ म्हणजे पोर्शन उरकायची घाई, वाचून दाखवलेले परिच्छेद आणि 'यावर दोन मार्कांचेच येते' हे आश्वासन. शिवाय 'जवळचे–दूरचे' हा हिशेबही खरा नाही. सहावीतल्या मुलाने पेशी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते, अणू तर कुणीच तसा पाहिलेला नाही. पण चंद्र त्याने पहिल्या वाढदिवसाआधीच पाहिलेला असतो. सूर्यमाला हा शाळेतला एकमेव विषय असावा ज्याचे प्रयोगसाहित्य रोज सकाळी पूर्वेला फुकट उगवते.

दुसरी वाटणी विषयांची. ग्रह विज्ञानात आणि ऋतू, चंद्रकला, ग्रहणे, भरती-ओहोटी भूगोलात. एकाच सूर्याचे दोन शिक्षक, दोन वह्या, दोन पेपर. मुलाला 'पृथ्वीचा अक्ष कललेला आहे' हे भूगोलाच्या तासाला कळते आणि 'युरेनसचा अक्ष इतका कललेला आहे की तो घरंगळल्यासारखा फिरतो' हे विज्ञानाच्या तासाला. ही दोन वाक्ये एकमेकांना भेटली, तर युरेनसवरचे ऋतू कसे असतील हा झकास प्रश्न आपोआप जन्मेल. पण त्यांची भेट होत नाही.

चित्र काय सांगते

सूर्यमालेचे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे : डावीकडे पिवळ्या सूर्याचा तुकडा, त्याच्या उजवीकडे पंगतीला बसल्यासारखे आठ रंगीत गोळे. पूर्वी नऊ होते. मी प्राथमिक शाळेत असताना, २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान करून प्लूटोला बटुग्रहांत टाकले आणि पंगतीतले एक पान उचलले गेले.

पुस्तकाच्या पानावर खऱ्या प्रमाणात सूर्यमाला काढता येत नाही, हे मान्य. पण ती का काढता येत नाही हे सांगणे, हाच तर खरा धडा आहे. पानावर एक सेंटिमीटरचा सूर्य काढला, तर पृथ्वी एक मिलिमीटरच्याही दहाव्या भागाएवढी होईल, म्हणजे छापाईच्या ठिपक्याहून लहान; आणि नेपच्यून पुस्तकाबाहेर, वर्गाबाहेर, सुमारे बत्तीस मीटरवर जाईल.

हेच आपल्या गावात मांडून पाहू. क्रांती चौकात एक मीटर व्यासाचा सूर्य ठेवायचा आणि जालना रोडने पूर्वेकडे चालायला लागायचे. साधारण बेचाळीस मीटरवर बुध, अठ्ठ्याहत्तर मीटरवर शुक्र, एकशे आठ मीटरवर पृथ्वी, नऊ मिलिमीटरची, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तिच्यापासून वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर, अठ्ठावीस सेंटिमीटरवर, मोहरीच्या दाण्याएवढा चंद्र. माणूस आजवर गेला आहे तो एवढाच : हरभऱ्यापासून मोहरीपर्यंत. मंगळ एकशे चौसष्ट मीटरवर. मग बराच वेळ काही नाही. गुरू साडेपाचशे मीटरच्या पुढे, मोठ्या मोसंबीएवढा. शनीसाठी किलोमीटरभर चालावे लागेल, म्हणजे मोंढा नाक्याच्या अलीकडे-पलीकडे. युरेनस दोन किलोमीटरवर आणि नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, सेव्हन हिलच्या आसपास कुठेतरी. व्हॉयेजर–२ हे यान १९७७ साली निघाले आणि १९८९ साली नेपच्यूनपाशी पोहोचले. हाच रस्ता चालायला त्याला बारा वर्षे लागली. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला जेमतेम एकवीस-बावीस सेंटिमीटर सरकतो. रांगणारे बाळ त्याला मागे टाकेल. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो क्रांती चौकापासून सुमारे एकोणतीस हजार किलोमीटरवर, पृथ्वीला पाऊण प्रदक्षिणा घालण्याइतका दूर.

या चालण्यातून मुलाला कळते की सूर्यमाला ही मुख्यतः रिकामी जागा आहे. आठ गोळ्यांच्या पंगतीतून नेमके हेच कधी कळत नाही. उलट, ग्रह एकमेकांना खेटून बसले आहेत, ते 'एका रेषेत आले' की काहीतरी होणार, ही वृत्तवाहिन्यांवर दरवर्षी येणारी भीती त्या चित्राचीच पुढची आवृत्ती आहे.

लंबवर्तुळाचा घोटाळा

दुसरे चित्र याहून नुकसान करणारे आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असते, हे शिकवण्यासाठी सगळीकडे ती अंड्यासारखी ताणून काढतात. तिरकस कोनातून पाहिलेले वर्तुळ म्हणून ते चित्र खपूनही जाईल. पण मूल ते तसे वाचत नाही. ते म्हणते, पृथ्वी कधी सूर्याच्या अगदी जवळ जाते, कधी लांब. जवळ गेली की उन्हाळा. मोठ्या माणसांनाही विचारून पाहा, इंजिनिअर झालेल्यांनाही. बरेच जण हेच उत्तर देतील.

खरे प्रमाण असे आहे. पृथ्वीची कक्षा दहा सेंटिमीटर लांबीची काढली, तर तिची रुंदी दहा सेंटिमीटरपेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी कमी भरते. पेन्सिलीची रेघ त्याहून कितीतरी जाड असते. म्हणजे कंपासने काढलेले वर्तुळ हेच पृथ्वीच्या कक्षेचे सर्वांत प्रामाणिक चित्र. फक्त सूर्य मध्यबिंदूपासून मिलिमीटरपेक्षा थोडा कमी सरकवायचा. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपण स्वेटर घालून शाळेत जातो. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर असते. एवढ्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर 'जवळ म्हणजे उन्हाळा' ही समजूत जागच्या जागी कोसळली असती.

आता 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य घ्या. मराठीत ते म्हणीसारखे वापरले जाते. छत्रपती संभाजीनगरात ते दोन्ही अर्थांनी खोटे आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते आणि आपण ७५.३ अंशांच्या आसपास आहोत. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास होते. आणि सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस : मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या २३-२४ तारखेच्या आसपास.

एक मीटरची काठी शाळेच्या पटांगणात उभी करून दर महिन्याला दुपारी साडेबारा वाजता सावली मोजली, तर आकडे साधारण असे यायला हवेत : २२ डिसेंबरला चौऱ्याण्णव सेंटिमीटर, उत्तरेकडे. २१ मार्चला छत्तीस. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य. आणि २१ जूनला सहा सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे! सावली उलटी पडते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो याचा हा पुरावा आहे. तो दिल्लीच्या मुलाला मिळू शकत नाही, आपल्याला मिळतो. मार्चच्या छत्तीस सेंटिमीटरवरून गावाचे अक्षांश काढता येतात, जूनच्या आणि डिसेंबरच्या सावल्यांवरून पृथ्वीच्या अक्षाचा कल काढता येतो. साडेतेवीस अंश हा आकडा मग पुस्तकाने सांगितलेला राहत नाही, तो मुलांचा स्वतःचा होतो.

मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग, ही अडचण खरी आहे. पण सुट्टीत मामाच्या गावाला गेलेल्या मुलालाही ऊन असतेच आणि काठीही मिळतेच. भूगोलाच्या पुस्तकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिनमान काढायला लावले आहे, ते चांगलेच आहे. पण त्या वेळा कॅलेंडरातून किंवा मोबाइलमधून उतरवता येतात. सावली उतरवता येत नाही, ती मोजावीच लागते.

तक्त्यात लपलेला नियम

मी रोज तक्त्यांबरोबर काम करते. डेटाबेसमधला एखादा तक्ता समोर आला की पहिला प्रश्न पडतो : या रकान्याचा त्या रकान्याशी काही संबंध आहे का? सूर्यमालेचा तक्ता मुलांना मिळतो, त्यात सूर्यापासूनचे अंतर आणि परिभ्रमणकाळ शेजारी-शेजारी असतात. त्यांच्यात काही संबंध आहे का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आठवीच्या मुलाला वर्ग आणि घन येतात. त्याला सांगा, पृथ्वीचे अंतर एक आणि पृथ्वीचे वर्ष एक असे धर. गुरूचे अंतर ५.२; त्याचा घन १४०.६. गुरूचे वर्ष ११.८६, त्याचा वर्ग १४०.७. शनीचे अंतर ९.५४, घन ८६८. वर्ष २९.४६, वर्ग ८६८. मंगळासाठी करून बघ. बुधासाठी कर. आकडे जुळत जातात तेव्हा अंगावर काटा येतो आणि तो काटा आणण्यासाठी कॅल्क्युलेटरखेरीज काही लागत नाही. केप्लरने १६१९ साली हेच मांडले होते. सहावी-सातवीत 'नियम' म्हणून ते शिकवायची गरज नाही. तक्त्याखाली एक प्रश्न छापला तरी पुरे.

पाठांतराच्या सूर्यमालेला आणखी एक रोग आहे : ती शिळी होते. उपग्रहांची संख्याच घ्या. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्याचे एकूण २७४ झाले. पाठ केलेला जुना आकडा एका दिवसात निकामी. पण दुर्बिणीतून दिसणारा ठिपका उपग्रह आहे की मागचा तारा हे ओळखायचे कसे, ही रीत ज्याला कळली, त्याची शिकवणी गॅलिलिओच्या १६१० पासून आजतागायत शिळी झालेली नाही.

दोन शनी

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. मराठवाड्यातल्या मुलाला शनी दोन ठिकाणी भेटतो. एक, शनिवारी तेल वाहतात त्या देवळात, आजीच्या बोलण्यात, लग्न मोडल्याच्या कुजबुजीत. दोन, सहावीच्या पुस्तकात, सुंदर कडी घालून. दोन्ही शनींचे नाव एक, पण त्यांची ओळख कुणी करून देत नाही. 'ग्रह' हा शब्दच आपल्याकडे दुहेरी आहे. पंचांगातल्या नवग्रहांत सूर्य आणि चंद्र आहेत, राहू आणि केतू आहेत, पृथ्वी मात्र नाही. पुस्तकातल्या आठ ग्रहांत पृथ्वी आहे, ते चारही नाहीत. हा फरक समजावणे म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या आकाशाकडून सूर्याभोवती फिरणाऱ्या सूर्यमालेकडे येणे, म्हणजे मानवी विचारातली एक मोठी उडी. आपले पुस्तक ती उडी मुलाला मारू देत नाही. पलीकडच्या काठावर आयते नेऊन सोडते. फार तर एखाद्या परिच्छेदात बजावते की ग्रहताऱ्यांचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम होत नाही.

बजावणे आणि दाखवणे यांत फरक आहे. माझ्या भाचीने मला विचारले, ''मावशी, शनीला सूर्याभोवती फिरायला तीस वर्षं लागतात हे कुणी एवढं थांबून पाहिलं?'' मी म्हटले, ''आज्जीला विचार, साडेसाती म्हणजे काय.'' आजीने सांगितले : शनी एका राशीत अडीच वर्षे असतो, आपल्या आधीची रास, आपली रास आणि नंतरची रास मिळून साडेसात. भाचीने गुणाकार केला. बारा राशी, प्रत्येकी अडीच वर्षे : तीस. पुस्तकातला परिभ्रमणकाळ आजीच्या तोंडून बाहेर पडला होता. म्हणजे कुणीतरी खरेच थांबून पाहिले होते, पिढ्यान् पिढ्या. मी १९९७ साली जन्मले तेव्हा शनी मीन राशीत होता आणि २०२५च्या मार्चअखेरीस तो पुन्हा मीन राशीत आला. माझे वय साधारण एक शनिवर्ष आहे.

साडेसातीतले निरीक्षण खरे आहे. त्याला जोडलेला परिणाम वेगळा. हे दोन वेगळे करायला शिकवणे म्हणजेच विज्ञान शिकवणे. आणि तेही गणिताने करता येते : कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दहा जणांना, राज्यातल्या एक चतुर्थांश माणसांना, आत्ता या क्षणी. एवढ्या लोकांचे एकाच वेळी वाईट चालले असेल, तर ते वेगळे ओळखायचे कसे?

महाराष्ट्रात याची पद्धतशीर चाचणीही झालेली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे शाळकरी मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या : शंभर हुशार म्हणून ओळखली गेलेली, शंभर विशेष मुलांच्या शाळांतली. पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि प्रत्येकाला चाळीस पत्रिका ओळखायला सांगितल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. हा प्रयोग 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकही असे पाऊल नाही जे सातवीच्या मुलाला समजणार नाही. त्याचीच वर्गातली आवृत्ती सोपी आहे : कालच्या वर्तमानपत्रातले बारा राशींचे भविष्य राशींची नावे कापून फळ्यावर लावा, प्रत्येकाने आपला कालचा दिवस कुठल्या भविष्याशी जुळतो ते निवडावे. चाळीसपैकी तीन-चार जणांचे नुसत्या योगायोगाने जुळेल. किती जुळतात ते मोजा.

आपल्या मातीतला, आपल्या भाषेतला, मुलांवरच बेतलेला हा प्रयोग सूर्यमालेच्या धड्यात असायला हवा होता. कुणाची श्रद्धा दुखवण्यासाठी नव्हे. दावा कसा तपासतात, हे कळल्यावर मूल पुढे औषधाचा, खताचा, गुंतवणुकीच्या योजनेचा दावाही तपासू शकते. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून मुलगी नाकारली जाते, ते घर आणि 'मंगळाला लाल ग्रह म्हणतात' हे वाक्य शिकलेले घर एकच असते. त्या घरातल्या मुलीला लाल रंगाच्या माहितीचा उपयोग होत नाही.

ही भाषा आपल्याकडे होती

असे गद्य मराठीत लिहिता येत नाही, अशी सबब चालणार नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'ज्योतिर्विलास' लिहिले. १८९६चा त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ विद्वानांचा आहे, पण 'ज्योतिर्विलास' सामान्य वाचकाचे. त्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका अठ्ठेचाळीस. शाळेचा एक तास, थोडा जास्त. त्या नावातच सगळे शिक्षणशास्त्र आहे : वेळ रात्रीची, जागा घराबाहेरची, हेतू मौजेचा. पाठांतर हा शब्द तिथे कुठे बसत नाही.

नारळीकरांची रीत वेगळी होती. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली सही असेल. त्यांच्या 'आकाशाशी जडले नाते'सारख्या पुस्तकातही प्रश्नाला मान आहे. दीक्षितांनी वाचकाला अंगणात नेले, नारळीकरांनी त्याला विचारते केले. पाठ्यपुस्तकाने या दोघांकडून माहिती घेतली, रीत मागे ठेवली.

तेच आपल्या भूगोलाचे. संभाजीनगरहून जालना-मंठामार्गे लोणार साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. शाळांच्या सहली वेरूळला जातात तशा तिथेही जातात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर 'उल्कापाताने झाले' या एका वाक्यात आपण उरकतो. पण ते ज्वालामुखीचे असावे असे कित्येक दशके मानले जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने खडकांतल्या काचेसारख्या झालेल्या खनिजांवरून ते आघाताचे असल्याचे दाखवले. एवढा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. त्याचे वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरत, नंतरच्या मापनांनी ते पावणेसहा लाखांच्या घरात नेले. आणि ते बेसॉल्टमध्ये आहे, म्हणून चंद्र-मंगळाच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचे इतके अप्रूप. वेरूळचे कैलास लेणे ज्यात कोरले तो काळा दगडही बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रावर आपल्याला जो ससा किंवा हरीण दिसते तेही बेसॉल्टच, तीनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. मराठवाड्यातले मूल चंद्राच्या डागांसारख्याच दगडावर उभे राहून चंद्राकडे पाहते. हे कुठल्याही परभाषेतल्या पुस्तकातून उचलता येणार नाही; इथेच लिहावे लागेल.

अडचणी

शिक्षकांना वेळ नाही, हे खरेच आहे. एकाच शिक्षकाला तीन विषय, त्यावर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. शहराच्या उजेडात तारे दिसत नाहीत, हेही खरे. पण सावली मोजायला अंधार लागत नाही. शुक्राची चांदणी सिडकोतल्या गच्चीवरूनही दिसते. ती कधीही मध्यरात्री दिसत नाही, एकतर संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, आणि का, याचे उत्तर शोधले की शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत आहे हे हाती लागते. २०२७च्या फेब्रुवारीत मंगळ पृथ्वीच्या जवळ असेल आणि ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसेल. पंचांगात त्याला 'वक्री' म्हणतात. दुचाकीवरून बसला ओलांडताना बस क्षणभर मागे जाताना दिसते, तेवढेच ते आहे. आणि कन्नड, सोयगाव, फुलंब्रीतल्या जिल्हा परिषद शाळांकडे शहरातल्या महागड्या शाळांपेक्षा काळेभोर आकाश आहे, ही त्यांची श्रीमंती आपण कधी मोजतच नाही. शहरात एमजीएमचे एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाचे खगोल-अंतराळ केंद्र आहे, तिथे मुले जातात, दुर्बिणीतून पाहतात. पण वर्षातून एकदा केलेली सहल रोज उघडल्या जाणाऱ्या पुस्तकाची जागा घेऊ शकत नाही.

नव्या पुस्तकांत काय हवे, याची यादी लांब नाही. सूर्यमालेचा पाठ पहिल्या सत्रात हलवा, म्हणजे पावसाळ्यानंतरचे स्वच्छ आकाश आणि वर्षभराच्या सावल्या हाती राहतील. ऋतू आणि ग्रह एकाच हातात द्या. चित्राखाली 'हे प्रमाणात नाही' एवढेच न लिहिता किती नाही ते लिहा. उपग्रहांच्या संख्या काढून टाका, त्या जागी काठीचा प्रयोग घाला. पत्रिकांच्या प्रयोगाला एक पान द्या. आणि प्रत्येक विधानाच्या शेवटी, 'हे कसे कळले?' या प्रश्नाला दोन ओळी.

पुस्तक बदलले की नाही हे तपासण्याची रीतही सोपी आहे. सहावी झालेल्या मुलाला शनीला किती उपग्रह आहेत हे विचारू नका. शनीचे वर्ष तीस वर्षांचे आहे हे तुला कसे माहीत, असे विचारा. 'पुस्तकात आहे' हे उत्तर आले तर पुस्तक जुनेच आहे असे समजावे, मुखपृष्ठ कितीही नवे असो.